आतोबांच्या पाच खोल्या

दुसऱ्याला नीट झोप लागावी म्हणून स्वतःची झोप उडवून घेणारा आमच्या आतोबांसारखा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. आत्याचे हे यजमान बदलापूर गावात राहतात. मूलबाळ नाही. आनंदनगरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात ते आम्हा सगळ्या सासरवाडीला स्वखर्चाने चार दिवस कोकणात, समुद्राजवळच्या एका घरात नेत. तयारी फेब्रुवारीपासून. एकेकाला फोन लावून विचारायचे, "खोली कशी हवी ते आत्ताच सांग. तिथे कुरकुर नको." आणि आम्ही सांगायचो. माझ्या वडिलांना घोरणाऱ्या माणसाशेजारी झोप येत नसे. स्वतः ते असे घोरत, की भिंतीपलीकडचे उठून बसत. उल्हासनगरच्या काकूला एसी हवा, पण गारवा नको. धाकट्या आत्याला परकी उशी चालत नसे, म्हणून आतोबा तिच्यासाठी बदलापुराहून उशी नेत. मार्चमध्ये ते एकटेच एसटीने जाऊन घर तपासून येत. प्रत्येक गादीवर आडवे होत, प्रत्येक नळ सोडून बघत. एकदा घरमालकीणबाईंनी भीतभीत विचारलं, "आजोबा, तुम्ही पंचायतीकडून आलात का?" आतोबा म्हणाले, "नाही, सासरवाडीकडून. ते जास्त कडक."

या मागण्यांत माझा वाटा लहान नव्हता. एका वर्षी मी समुद्र दिसणारी वरची खोली मागितली. मिळाली. दुपारी बायको म्हणाली, उन्हाने भिंती तापल्यात, मुलं झोपत नाहीत. मी खाली येऊन तसं सांगितलं. आतोबा जेवत होते. ताट तसंच ठेवून उठले, आपली आणि आत्याची खालची खोली रिकामी केली, आणि सत्तरीच्या घरातला तो माणूस दोन बॅगा घेऊन जिना चढला. मी "राहू द्या हो" म्हणालो, पण जागचा हललो नाही.

तीन वर्षांपूर्वी नेहमीसारखा फोन आला. "काय रे, यंदा कुठली खोली?" मी म्हणालो, "आतोबा, यंदा आम्ही वेगळं बुकिंग केलंय. मुलांना स्विमिंग पूल पाहिजे." ते म्हणाले, "बरं केलंस. पोहायला शिकतील." मागोमाग काकूचं काही निघालं, वडिलांची कंबर धरली, धाकटी आत्या मुलीकडे गेली. आम्हा कुणालाच दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये बदलापूरला गेलो, तेव्हा आत्याकडून कळलं, की ती दोघंच गेली होती. "पाचही खोल्या ठेवल्या यांनी," आत्या म्हणाली. "रोज सकाळी सगळीकडे चादरी घालून घेत होते. म्हटलं, अहो, कोण येणार आहे? तर म्हणाले, एखादा निघाला आयत्या वेळी, तर त्याची पंचाईत नको." आतोबा शेजारीच बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "पूल खोल नव्हता ना रे?"

त्यानंतर ते जाणं बंदच पडलं. आता त्यांना फार चालवत नाही. यंदा मीच ठरवलं, आपण सगळ्यांना न्यायचं. पहिला फोन त्यांनाच केला, "आतोबा, तुम्हाला कशी खोली हवी?" ते म्हणाले, "मला हे कुणी विचारलं नव्हतं रे. ठरवावं लागेल." तासाभराने त्यांचाच फोन. "जिथे सगळ्यांचं बोलणं ऐकू येईल अशी कुठलीही दे."

मग मी बाकीच्यांना फोन केले. वडिलांना प्रवास झेपेना. काकूला मे नको, डिसेंबर हवा. धाकट्या आत्याला डिसेंबर जमेना. माझा भाऊ म्हणाला, लोणावळा असेल तर बघू. दहा दिवसांत मी वैतागलो आणि नंतर करू म्हणून सोडून दिलं. आतोबांनी हे बारा वर्षं कसं केलं, कोण जाणे. मे गेला. परवा त्यांना ते सांगायला मी अंबरनाथहून बदलापूरला गेलो. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. माणसांना एकत्र यायला वेळ लागतो." मग ते सावकाश उठले, आतल्या खोलीत गेले आणि आत्याला म्हणाले, "भरलेली बॅग रिकामी कर गं. यंदा नाही."