एव्हलिनच्या वीस गोधड्या

ज्याच्या घरात कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणायची सोय नव्हती, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. सौदीतल्या हुफूफमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर ते वर्षभर राहायला होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, उंची अशी की आमच्या दारातून आत येताना मान तुकवावी लागे, पाठीवर पांढऱ्या केसांची बोटभर जाडीची वेणी, आणि चेहरा असा स्थिर की विनोद केला तरी तो विनोद होता हे आपल्याला जिना उतरल्यावर कळावं. मूळचे अमेरिकेतले, तिथल्या लाकोटा जमातीतले. आपल्या गावच्या लाकडी चर्चमध्ये त्यांनी चाळीस वर्षं प्रवचनं केली, लग्नं लावली, माणसं पुरली. बायको वारल्यावर मुलीनं त्यांना इकडे आणलं. ती इथल्या एका इस्पितळात नर्सना शिकवायची. इथे उघडपणे चर्च चालवता येत नाही, म्हणून तो कारभार मुलीनं त्यांना विमानतळावरच गुंडाळून ठेवायला लावला होता. तरी दर रविवारी सकाळी ते टाय बांधून खुर्चीत बसत आणि आपल्या भाषेतली भजनं हळू आवाजात म्हणत. आमच्या स्वयंपाकघराच्या वर त्यांची ती खोली होती, त्यामुळे माझ्या बायकोला त्यांतल्या तीन चाली पाठ झाल्या होत्या.

आमच्या रत्नागिरीकडे माणूस भेटला की आधी आजोबांचं नाव विचारतात. यांनी मला जिन्यात गाठून वय विचारलं. मी बेचाळीस म्हटलं. ते जरा थांबले, मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाले, "म्हणजे तू माझा पुतण्या." एवढं जाहीर करून ते वर निघून गेले. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणू लागलो. या नात्यामुळे माझी बायको रुबिना त्यांची सून झाली, आणि तिथून गंमत सुरू झाली. त्यांच्या जुन्या रीतीप्रमाणे सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नसतं, तिच्याकडे रोखून पाहायचंही नसतं. त्यातच तिचा मान. त्यामुळे रुबिना समोर ताट वाढत असली तरी काका छताकडे बघून मला सांगत, "पुतण्या, मासे फार चांगले झालेत असं तिला सांग." रुबिना तिथूनच म्हणे, "अजून एक घ्या म्हणावं." मी दोघांच्या मध्ये बसून टपाल पोचवत असे. रुबिनाला सुरुवातीला वाटलं, आपण मुसलमान म्हणून म्हातारबाबा अदब राखताहेत. खरं कारण कळल्यावर तर तिच्या लेखी त्यांच्याइतका खानदानी माणूस अख्ख्या सौदीत उरला नाही. "आपल्याकडचे चुलत सासरे आठवा जरा," असं तिनं मला निदान दहा वेळा सुनावलं असेल.

दर शुक्रवारी मी नमाज पढून आलो की काका जिन्यात माझी वाट बघत उभे असत. "आज इमाम काय बोलला?" हा पहिला प्रश्न आणि "किती वेळ बोलला?" हा दुसरा. वीस मिनिटांच्या आत आटोपलं असेल तर "शहाणा माणूस आहे" असा शेरा मिळे. ही धंद्यातल्या माणसाची चौकशी होती. एखादा सुतार दुसऱ्याच्या कपाटाची बिजागरी हलवून बघतो तशी. आता माझं अरबी म्हणजे इकाम्याचं, इथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण आणि खजुरांच्या पेट्या उतरवून घेणं यापुरतं. मी खजुराच्या कारखान्यातलं शीतगृह सांभाळतो. तिथे प्रवचनाचे शब्द कानावर पडत नाहीत. म्हणून मी आपला मनानं काहीतरी सांगून वेळ मारून नेई. एका शुक्रवारी त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा इमाम गेले पाच आठवडे शेजाऱ्यांशी चांगलं वागा हेच सांगतोय. या इमारतीत असं काय घडलंय?" त्याच दिवशी आमचे घरमालक अबू सालेह यांच्याकडून त्यांनी खरं प्रवचन आधीच ऐकून घेतलं होतं. मी कानाला खडा लावला आणि पुढच्या शुक्रवारपासून, कळलं नाही तर कळलं नाही असं सांगू लागलो. ते त्यांना जास्त आवडलं. त्यांच्या चर्चमध्येही निम्म्यांना कळत नसे, पण कबूल कोणी करत नसे.

आता मूळ गोष्ट. काका हुफूफला आले ते चार मोठे बिस्किटांचे डबे घेऊन. त्यांत कापडाचे तुकडे होते, सगळे शंकरपाळ्यांच्या आकाराचे, रंगांप्रमाणे दोऱ्यानं बांधलेले. त्यांच्यात माणूस गेल्यावर वर्षभरानं सगळ्या गावाला जेवू घालतात आणि गेलेल्याच्या नावानं वस्तू वाटतात. त्यातली सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे गोधडी, मधोमध आठ टोकांचा मोठा तारा असलेली. त्यांची बायको एव्हलिन शेवटच्या आजारात अंथरुणात बसून स्वतःच्याच वर्षासाठी हे तुकडे कापत होती. वीस गोधड्यांचे तुकडे कापून झाले आणि ती गेली. शिवायचं काम काकांवर आलं. ऑक्टोबरात गावी परतायचं, तोवर वीस गोधड्या पुऱ्या करायच्या, एवढं एकच काम त्यांनी या वर्षात ठेवलं होतं. जुन्या बाजारातून एका शिंप्याचं वापरलेलं मशीन मीच गाडीत घालून आणलं. अस्तराचं कापड घ्यायलाही मीच नेत असे. काका तिथल्या येमेनी दुकानदाराशी लाकोटात बोलत, तो अरबीत बोले, आणि कापड नेमकं हवं ते निघे.

पहिली गोधडी पुरी झाली ती बघायला माझी मुलगी सना वर गेली. आठ वर्षांची पोर, ती "सो प्रिटी!" म्हणाली. काकांनी गोधडी उचलून तिच्या खांद्यावर टाकली. मी परत द्यायला गेलो तर म्हणाले, "माझ्या घरात कोणाला एखादी गोष्ट आवडली की ती त्याची होते. आमच्यात असंच असतं." मग अबू सालेह पाण्याची टाकी बघायला आले, गोधडी बघून माशाल्लाह म्हणाले आणि काखेत गोधडी घेऊन खाली उतरले. पण अबू सालेह हे अस्सल हसावी, म्हणजे याच भागातले पिढीजात माणूस. पाहुण्यानं वस्तूला चांगलं म्हटलं की ती पाहुण्याची, ही रीत त्यांच्या घरातही होतीच. त्यांनी काकांना आपल्या खजुराच्या बागेत नेलं. काकांनी तिथल्या पितळी कॉफीच्या भांड्याचं नुसतं नाव काढलं आणि ते भांडं वर आलं. पुढच्या भेटीत अबू सालेह सभ्यपणे म्हणाले, भांडं इथे शोभतंय. भांडं परत गेलं. ते बिचारं भांडं सहा महिने जिन्यातच होतं म्हणा ना. दोघांपैकी एकालाही थांबता येत नव्हतं आणि मला दोघांनाही थांबवता येत नव्हतं.

असं करत राखणदार जमालला एक गेली. नळदुरुस्तीवाल्या मुरुगनला गेली. कापडवाल्या येमेन्याला, त्याचंच अस्तर लावलेली, गेली. समोरच्या इमारतीतल्या दोन नर्सना दोन गेल्या. प्रत्येक वेळी काका एकच वाक्य म्हणत, "ही एव्हलिनकडून." रुबिनाला हे बघवेना. "तुमच्या काकांना विचारा, अशानं वीस कशा व्हायच्या? ती बाई अंथरुणातून कापत होती, आता आणखी तुकडे आणायचे कुठून?" मी विचारलं. काका छताकडे बघून म्हणाले, "तिला सांग, मोजणं माझ्याकडे आहे." तेव्हा रुबिनानं इमारतभर फर्मान काढलं: वर गेलं की गोधडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दोन आठवडे ते पाळलं गेलं. तिसऱ्या मजल्यावरची मल्याळी बाई नवी गोधडी बघून "ठीक आहे" म्हणून परतली. दुसऱ्या दिवशी मशीनचा आवाज बंद. मी वर गेलो तर काका चष्मा लावून ताऱ्याची शिवण उसवत बसलेले. "हात गेला माझा," ते म्हणाले. "ही कोणालाच आवडली नाही." मला इतकं वाईट वाटलं की मी म्हणून गेलो, फार सुंदर झालीय. ती आमच्या घरातली दुसरी गोधडी.

सप्टेंबर संपत आला. विसावी शिवून झाली, तिकीट हातात आलं, आणि खोलीत गोधड्या होत्या चार. रुबिना त्या दिवशी जेवली नाही. "माणसाच्या बायकोच्या वर्षाचं सामान आपण वाटून घेतलंय," ती म्हणाली. "ते गावात काय तोंड दाखवतील?" मलाही ते टोचत होतंच. मग मी काकांना न सांगता गाडी काढली आणि दारोदार फिरलो. अबू सालेहच्या बायकोनं गोधडी उदाची धुरी देऊन ठेवली होती. तिनं ती तशीच घडी करून दिली. जमालनं ट्रंकेतून काढून दिली. मुरुगन काम बदलून हफ्र अल बातिनला गेला होता. त्यानं आमच्या खजुराच्या ट्रकबरोबर पाठवली. सनानं आपली देताना "दॅट्स नॉट फेअर" म्हणून रडून घेतलं. दहा दिवसांत सोळाच्या सोळा जमवल्या. मी शीतगृहातला माणूस. बाहेर गेलेला माल पूर्ण परत आला की जे समाधान वाटतं, ते मला वाटलं.

शुक्रवारी दुपारी रुबिना आणि मी तो ढीग वर घेऊन गेलो आणि त्यांच्या पलंगावर ठेवला. काकांनी एकेक गोधडी हातानं चाचपली. आनंद सोडाच, त्यांचा चेहरा उतरला.

"यात यांना काय खोट दिसली?" त्यांनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले.

"प्रत्येक वेळी मी एव्हलिनला सांगत होतो," ते म्हणाले. "आज जमालला दिली, आज मुरुगनला दिली. सोळा नावं सांगून झाली. आता तिला काय सांगू, त्यांनी परत केल्या?"

तोंडात मारल्यासारखं झालं. रुबिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, माझ्यामुळे झालं." काकांनी छताकडे पाहिलं. "तिला सांग, तिनं माझ्या बायकोची काळजी केली. त्यात चूक कसली? पण उद्या गाडी लागेल."

दुसऱ्या दिवशी टाय बांधून काका माझ्या शेजारी बसले आणि आम्ही पुन्हा तीच दारं फिरलो. प्रत्येक दारात ते गोधडी दोन्ही हातांवर ठेवून पुढे करत, आपल्या भाषेत चार ओळी म्हणत, आणि मग म्हणत, "ही एव्हलिनकडून." कुठे कहवा झाला, कुठे खजूर, अबू सालेहकडे तर लाल हसावी तांदळाचं पूर्ण जेवण झालं. हफ्र अल बातिनची गोधडी ट्रकनं पाठवू या, असं मी सुचवून पाहिलं. ते ऐकेनात. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सहा तासांचा रस्ता, दोन्हीकडे वाळू. निम्म्या वाटेत मला राहवलं नाही. मी विचारलं, गावात चारच दिसतील तर लोक काय म्हणतील?

"गावात एकेका घरात तिच्या हातच्या तीन-तीन आहेत," काका म्हणाले. "तिथे तिला कोण विसरणार? ती आयुष्यात आमच्या जिल्ह्याबाहेर गेली नाही. विमान बघायची आणि विचारायची, हे कुठे जात असेल. मी इकडे यायला निघालो तेव्हाच ठरवलं, या वेळी तिला बरोबर न्यायचं."

ज्या वर्षाची तयारी अपुरी राहील म्हणून आम्ही हळहळत होतो, ते वर्ष आमच्या जिन्यात, आमच्या डोळ्यांसमोर बारा महिने चाललं होतं, आणि आम्ही त्यातले पाहुणे होतो. पाहुण्यांनीच ताटं परत नेऊन दिली होती. मुरुगन कामावरून धावत आला. "मला वाटलं माझ्या कामात काही चुकलं, म्हणून परत मागितली," तो म्हणाला. त्यानं गोधडी छातीशी धरली आणि आम्हांला डोसा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

काका चार गोधड्या घेऊन गावी गेले. एव्हलिनचं वर्ष झालं, गाव जेवलं. दर शुक्रवारी त्यांचा मला फोन येई आणि इमाम किती वेळ बोलला याची चौकशी होई. या जानेवारीत एका शुक्रवारी फोन आला नाही. रविवारी त्यांच्या मुलीचा आला. झोपेतच गेले, म्हणाली. त्यांची काही आठवण हवी असेल तर पाठवते, तुम्हांला काय आवडेल? मी घरात नजर फिरवली. वर्षभरात त्या माणसानं आम्हांला इतकं दिलं, पण स्वतःच्या नावानं एकही वस्तू दिली नव्हती. मी काही नको म्हटलं. मला काका हवे होते.

खाली जाऊन जमालला सांगितलं. त्याला आधी नाव कळेना. ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मग एकदम म्हणाला, "कौन, एव्हलिनवाले चाचा?" आमच्या इमारतीत आता त्या गोधडीला गोधडी कोणी म्हणत नाही. जमाल त्या दिवशी म्हणाला, एव्हलिन धुऊन गच्चीवर घातलीय, ऊन आहे तोवर काढतो. मी वर आलो. हुफूफची थंडी पडली होती. सना अभ्यासाला बसली होती, मान न वळवता तिनं आईला हाक मारली, "मम्मी, ठंड लग रही है, एव्हलिन दे दो." रुबिनानं कपाट उघडलं आणि दिली.