रक्तातलं ओझं

औरादच्या बाजारात मी ज्यांच्याकडून करडईचं तेल घेतो, त्या अण्णांना कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. बोलताना ते समोरच्याचं मनगट धरून ठेवतात. कोलेस्टेरॉल वाढलेलं असूनही त्यांनी कधी गोळी घेतली नव्हती. परवा छातीत दुखलं, म्हणून मी त्यांना बिदरला नेलं. तिथं त्यांनी डॉक्टरांचंच मनगट धरलं.

"तेल पाण्यात मिसळत न्हाई. मग चरबी रगतात कशी फिरायली?"

"प्रथिनं तिला गुंडाळून वाहून नेतात."

"म्हंजे हमालच की! मग माझं कामून बिघडलं?"

"ओझं फार झालंय, अण्णा. थोडं वाटेतच, नसांच्या भिंतीत साचायलंय."

अण्णांनी डॉक्टरांचं मनगट सोडलं. मग हात पुढं करून म्हणाले, "द्या गोळी. हमालांनी तरी किती वाहावं?"