इवायाची जीप आणि तेलाची टाकी

यवतमाळ जिल्ह्यात इंजिनाच्या तेलाची जेवढी काळजी माझे व्याही वाहतात, तेवढी मुलीच्या बापानं मुलीचीही वाहिली नसेल. आणि मुलीचा बाप मीच असल्यामुळे हे मी अधिकारानं सांगतो. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. इवाई म्हणजे जपून वागायचं नातं. तो बोलेल ते हसून ऐकायचं, जांभई आली तर गिळायची. माझे इवाई ढाणकीचे, कापूस-सोयाबीनवाले. सदऱ्याच्या ज्या खिशात लोक पेन ठेवतात तिथं ते शिंप्याचा टेप ठेवतात. सोयरीक जमवताना आम्ही शेत पाहिलं, घर पाहिलं, मुलगा तर पाहिलाच. गोठ्यात विटांवर चढवून ठेवलेली जीप तेवढी कुणी पाहिली नाही. "गोठ्यात काहून नाई डोकावले तुमी?" असं बायको अजूनही विचारते.

त्या जीपचं जुनं इंजिन मेलं होतं, आणि इवायांनी तिच्यात अपघातात चेपलेल्या एका मोटारीचं इंजिन बसवायला घेतलं होतं. लग्नाच्या मांडवातच त्यांनी मला शब्द दिला होता, "इवाई, पुढच्या खेपीले तुमाले घ्याले जीप घेऊन येतो स्टँडवर." नंतर मी कितीदा तरी राजूरहून ढाणकीला गेलो आणि प्रत्येक वेळी स्टँडवरून ऑटोनं घरी पोचलो. कारण इंजिन बसेना. त्याच्या पोटाखालची तेलाची परात खोल, ती जीपच्या पुढच्या ॲक्सलला टेके. इंजिन वर उचललं तर बोनेट लागेना. "मंग बोनेट उघडं ठेवून येऊ काय इवायाच्या दारी?" असा त्यांचा सवाल. तेव्हा त्यांनी ठरवलं, की ड्राय सम्प बसवायचा: परात उथळ करायची, तेल वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि पंपानं ते इंजिनात फिरवायचं.

हे त्यांनी मला आमच्या घरी जेवताना समजावलं. वरणाची वाटी उचलली आणि तिरपी केली. "पायलं? गाडी चढावर गेली, वरण मांगं गेलं. चमचा कोरडा. इंजिन खतम!" वरण नव्या सतरंजीवर गेलं. बायको इवायांपुढे हसली, पण सतरंजी धुताना जे बोलली ते इथं लिहिता येत नाही.

नातवाच्या बारशाला बायका पाळण्याभोवती गात होत्या आणि हे मला कोपऱ्यात ओढून विचारत होते, तेल ओढणारा पंप एक घेऊ की दोन? पेरणीच्या दिवसांत माणसं आभाळाकडे बघतात. यांचा फोन आला की मी कपाळाला हात लावायचो, कारण पुण्याच्या कुठल्या दुकानदाराशी टाकी उभी की आडवी यावर यांचं वाजलेलं असायचं. एका बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. टाकी इंजिनाजवळच हवी. "नळी लांब झाली का तेल दमते, इवाई. मानसावानीच असते ते."

या दिवाळीनंतर गेलो तेव्हा माझा संयम संपला होता. ते कुणाशी तरी फोनवर भांडत अंगणात गेले, तेवढ्यात चहा घेऊन आलेली माझी लेक सासऱ्यांबद्दल हळूच म्हणाली, "बाबा, तुमीच सांगा ना मामाजीले. मिस्तरी म्हनते, डाव्या सीटच्या जागी टाकी मस्त बसते, नळीबी लहान. पन मामाजी सीटले हात लावू देत नाई. सगळं त्याच्यानंच अडलं."

मी उठलोच. इवाई-बिवाई गेलं खड्ड्यात! अंगणात जाऊन म्हटलं, "अहो, काढा ना ती सीट! एका सीटपायी एवढा घोर लावलाय जिवाला?"

त्यांनी फोन बंद केला. चेहरा असा झाला, की मला वाटलं, आता संपलं, पोरीला उद्या ऐकून घ्यावं लागणार.

"इवाई," ते म्हणाले, "समोर दोनच जन बसते. एक मी. पोरगी देनारा मानूस मांगं गोनीवानी बसन, अन् तुमची पोरगी दारातून पाहीन? मायाच्यानं नाई होत हे."

माझ्या बहिणीच्या सासरी माझे वडील नेहमी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले-गेले. पुढं मडगार्डवर जागा असायची, पण या म्हणून कुणी म्हणायचं नाही, आणि दारात उभी असलेली बहीण मान खाली घालायची. हे मी इवायांना कधी सांगितलं नव्हतं. मी उगीच टेप मागितला आणि काहीतरी मोजल्यासारखं केलं.

शेवटी त्यांनी टाकी निवडली. ती बसणार मागच्या सीटच्याही मागे, आणि नळी अख्ख्या जीपखालून जाणार. "तेल दमणार नाही का?" मी विचारलं. "दमन तं दमन," ते म्हणाले. "त्याले काय, पंप मोठा लावू." तेवढी लांब नळी अजून यायची आहे.

निघायच्या आधी त्यांनी मला गोठ्यात नेलं, डाव्या सीटवरची धूळ आपल्या उपरण्यानं झटकली आणि मला बसवलं. स्वतः स्टिअरिंगवर बसले. विटांवरच्या त्या जीपमध्ये आम्ही चहा प्यायलो. लेक दारात उभी राहून आमच्याकडे बघून हसत होती. इवायांनी स्टिअरिंग थोडं डावीकडं वळवलं आणि मला विचारलं,

"हवा लागून राह्यली ना बराबर?"

"लागून राह्यली, इवाई," मी म्हटलं.