पेरूवाल्यांचा अंक

आमच्या घरात नामवंत माणसाला ‘पेरूवाला’ म्हणतात. हे खूळ सासऱ्यांपासूनचं. मंडल ऑफिसात नव्या बाबूने त्यांना तेलुगूत विचारलं, “मी पेरु?” सासऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने म्हणाले, “नाही साहेब. कोन म्हन्ते?” ‘मी पेरु’ म्हणजे ‘तुमचं नाव’, हे त्यांना बाहेर आल्यावर कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ज्याचं नाव मोठं तो आमचा पेरूवाला, आणि माझ्या आवडत्या मासिकाचा दर वर्षीचा नामवंत विशेषांक म्हणजे पेरूवाल्यांचा अंक.

आमचं किराणा दुकान जैनथला. मालक आदिलाबादला माल आणायला गेले, की बसस्टँडजवळून तो अंक आणत. दुपारी गिऱ्हाईक कमी असे. मग मी आणि थोरल्या जाऊबाई मागच्या खोलीत बसायचो. मी वाचायची, त्या ऐकायच्या. म्हणजे अंकात एक पान असलं तर मी तीन वाचायची. मालक दुकानातून म्हणत, “हिच्या हाती पेपर देल्ला त हवामानाची बातमीबी दोन चहा चालते.”

पण त्या अंकात तेव्हा घरं असायची. कुणा गवयाच्या ओसरीत सकाळचं ऊन कुठवर येतं, कुणा नटीच्या आईने लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवल्यात, सगळं लिहिलेलं. आम्ही दोघी त्या घरांत जात असू. चपला काढून, पदर सारखा करून. जाऊबाई नेहमी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकायच्या, मी झोपाळा धरायची. एकदा एकाच झोपाळ्यावरून आमचं इतकं वाजलं, की संध्याकाळपर्यंत अबोला होता. झोपाळा पुण्यात, भांडण जैनथात.

यंदा जाऊबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवं कापड, वाचायचं नाही, वाकायचं नाही. आणि डोळा बरा झाला की मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला नेणार होता. त्याने नवा फ्लॅट घेतला होता. जाऊबाई मला म्हणाल्या, “पेरूवाल्यांचा अंक येऊ दे. तेवढा ऐकतो, मंग जातो.”

म्हणून मी त्या अंकाची वाट पाहत होते. आमची शेवटची दुपार चांगल्या घरात जावी, एवढंच.

अंक आला. गुळगुळीत, जड, अत्तरासारख्या वासाचा. मी उघडला. चेहरे होते. पानभर एक, मग पानभर दुसरा. मागे भिंत नाही, खिडकी नाही, नुसतं पांढरं. प्रत्येकाखाली तेच प्रश्न. आवडता रंग. आवडतं फिरायचं ठिकाण. स्वतःचं एका शब्दात वर्णन करा. सगळ्यांनी ‘प्रामाणिक’ लिहिलं होतं.

“काऊन व, चूप काऊन बसली?” जाऊबाई म्हणाल्या. “कोनाच्या घरी हावो आपन?”

माझ्याच्याने ‘कोणाच्याच नाही’ असं म्हणवेना. मी पानावर बोट ठेवलं आणि सांगू लागले. एका गवयाकडे जेवून आलो, मग पान उलटून नटीकडे. मोठं अंगण, निंबाची सावली, नटी आत्ताच न्हाऊन आलेली. आमच्याकडे कापूस वेचणीचे दिवस होते. शेजारच्या अंगणातल्या कापसाचे तंतू खिडकीतल्या उन्हात तरंगत होते. बोलता बोलता मला ते घर खरंच दिसायला लागलं. नटीने पाट मांडला. ताटात भाकर, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी.

“थांब,” जाऊबाई म्हणाल्या. “मुंबईच्या नटीकडं अंबाडी?”

“आवडत असन तिले.”

“अन् मघाच्या पेरूवाल्याकडं? तिथंबी अंबाडीच होती. हे अंकात नाही बाई. हे तूच सांगून राह्यली.”

माझ्या कल्पनेची धाव आदिलाबादजवळच्या मावल्यापर्यंत. त्यापुढे तिला भाडं परवडत नाही. मी कबूल केलं, की यंदा घरंच नाहीत, नुसती तोंडं आहेत. हिरव्या कापडामुळे जाऊबाई झोपल्या की जाग्या, कळेना.

“मंग ठेव ते,” त्या म्हणाल्या. “माह्या पोराचं घर सांग.”

मी ते घर पाहिलेलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर पोरगा घर दाखवायचा तेव्हा आम्हाला फक्त छत आणि पंखा दिसायचा. मी पंख्यापासून सुरुवात केली. पंख्याखाली पलंग. पलंगाशेजारी खिडकी. सातवा माळा.

“खाली पाहात नाही मी,” जाऊबाई म्हणाल्या.

“नका पाहू. पडदा हाये.”

“कोन हाये घरात?”

मला खोटं सुचेना. “पोरगा कामावर गेला. सूनबी.”

“मंग मी एकटीच.”

“मी आली ना संगं. चप्पल काढून राह्यली.”

त्यांनी पाय थोडे आखडून घेतले, मला पलंगावर जागा करावी तसे.

“च्या ठेवतो,” त्या म्हणाल्या. “साखर कुठं ठेवते ते सूनबाई?”

ते मलाही माहीत नव्हतं. वरच्या फळीवर पाहिलं, नव्हती. बाहेर दुकानात कुणी तरी तूरडाळ मागत होतं. आम्ही दोघी सातव्या माळ्यावर, एकेक डबा उघडून पाहत राहिलो.