मेहुणीच्या सासूबाईंचा सर्व्हर

कोणीही लिहिलेली एक ओळसुद्धा न वाचता वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच ज्यांचा जन्म झाला आहे अशी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, आणि त्या माझ्या धाकट्या मेहुणीच्या सासूबाई आहेत. सांगलीत विश्रामबागेत राहतात. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, पण आवाज असा की त्यांनी आतूनच "कोण आहे?" म्हटलं तर शेजारच्या बंगल्यातला कुत्रासुद्धा उठून बसतो. नोकरीची सारी वर्षं त्यांनी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. त्या काळी लोक त्यांना नंबर सांगतच नसत. "बाई, साताऱ्याच्या आमच्या व्याह्यांना लावा," एवढंच सांगत, आणि बाई लावून देत. व्याही घरी नसतील तर या वेळी कुठे सापडतील, याचा बाईंना अंदाज असे, आणि तो चुकल्याचं कराडात कोणाला आठवत नाही.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा साडू, कॉलेजात संगणक शिकवतो. मध्यंतरी त्याने हौसेने एक सर्व्हर काढला. आपण रोज ज्या सोशल मीडियावर असतो त्याला एक मालक असतो, आणि कोणाचं लिखाण कोणाच्या पुढ्यात वाढायचं हे त्या मालकाचं यंत्र ठरवतं. साडूचं जाळं वेगळं होतं. त्याला मालकच नाही. ज्याला हौस असेल त्याने आपला छोटा सर्व्हर चालवायचा, पाच-पन्नास माणसं त्यावर घ्यायची. तरीही सांगलीच्या सर्व्हरवरचा माणूस धारवाडच्या नाहीतर बर्लिनच्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो. अडचण एकच. यंत्र नसल्यामुळे कोणाचं काही आपोआप समोर येत नाही, ज्याचं त्याला शोधावं लागतं. आपला माणूस शोधायला जात नाही, वाट बघतो. सहा महिन्यांत साडूच्या सर्व्हरवर सतरा माणसं जमली आणि सतराच्या सतरा आपापल्या कट्ट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिली. साडू कंटाळला. एका रविवारी जेवताना म्हणाला, बंद करून टाकतो. सासूबाईंनी आधी वाटीतली आमटी संपवली, मग शांतपणे विचारलं, "सतरा माणसं आहेत म्हणतोस आणि एकही लाइन लागत नाही? मग ऑपरेटर कुठाय?"

दुसऱ्या दिवसापासून ऑपरेटर त्या झाल्या. यंत्राची दुरुस्ती साडूकडे, माणसांची त्यांच्याकडे. सकाळी आंघोळ झाली की बिनसाखरेचा चहा घेऊन त्या टॅब्लेटसमोर बसत आणि सतराही जणांचं सगळं वाचून काढत. नुसतं वाचत नसत, कोणाला कशाची गोडी आहे ते मनात साठवत आणि मग जाळ्यातल्या दूरदूरच्या सर्व्हरवर त्याच गोडीची माणसं हुडकत. हॅशटॅगला त्या पाटी म्हणत. दारावर पाटी नसली तर पोस्टमनने तरी काय करावं, असा त्यांचा सवाल असे. एका कवीने चार ओळींच्या कवितेखाली बावीस हॅशटॅग लावले, तेव्हा त्यांनी त्याला कळवलं, पाट्या एवढ्या झाल्यात की दार दिसेना. साताऱ्याचे एक निवृत्त बँकवाले रोज गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात' टाकत. बाईंनी त्यांना थेट फोन लावला आणि सांगितलं की सकाळ झालीय हे सगळ्यांनाच माहीत असतं, तुमच्या खिडकीतून आज काय दिसलं ते लिहा. बँकवाले जरा दुखावले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी अजिंक्यताऱ्यावर टेकलेल्या ढगाबद्दल तीन ओळी लिहिल्या. बाईंनी त्या ओळी जपानमधल्या एका ढगवेड्या बाईंपर्यंत पोचवल्या. आता ते गृहस्थ ढग नसला तर बेचैन होतात.

माझीही सुटका झाली नाही. मी केवळ नात्याला जागून खातं उघडलं होतं. तीन आठवड्यांनी फोन आला, "जावईबापू, इतके दिवस गप्प आहात, तब्येत बरी आहे ना?" घाबरून मी माझ्या जुन्या स्कूटरच्या बसक्या हॉर्नवर चार ओळी लिहिल्या. दुसऱ्याच दिवशी इंदूरहून एका अनोळखी गृहस्थांचं उत्तर हजर. ते जुन्या गाड्यांच्या हॉर्नचे आवाज जमवत होते, आणि माझ्या हॉर्नचा आवाज त्यांच्याकडे नव्हता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही कागदाला इतकं तातडीचं उत्तर आलेलं नाही.

हे सारं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि मी नेतही होतो. मग ती मेंढरांची गोष्ट घडली.

आमच्या सर्व्हरवर आटपाडीकडचे एक धनगर होते. निम्मं वर्ष डाळिंबाची बाग बघायची, निम्मं वर्ष मेंढरं घेऊन हिंडायचं. त्यांचा पुतण्या साडूचा विद्यार्थी, त्याने खातं काढून दिलेलं. ते लिहीत काहीच नसत, नुसते फोटो टाकत. त्यांचं बघणारी माणसं तीन, त्यांतला एक पुतण्या आणि एक सासूबाई. त्या वर्षी त्यांच्या नेहमीच्या वाटेवर लोकांनी कुंपणं घातली म्हणून त्यांनी कळप नव्या वाटेने कोयनेच्या बाजूला वळवला. एका दुपारी त्यांनी मेंढीच्या तोंडाचा फोटो टाकला. कान सुजून लोंबलेले, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'मेंढरं उन्हात जाईनात.' पाटी नव्हती. पुतण्या परीक्षेला बसलेला. सासूबाई मटार सोलत होत्या, त्यांनी ते पाहिलं आणि परात बाजूला सारून फोन लावला.

"आवं आई, धा-बारा मेंढरं अशी झाल्यात, दोन मेली," धनगर म्हणाले. "गावची लोकं म्हंत्यात, साथीचा रोग हाय, आत्ताच्या आत्ता हितनं निगा. पर ह्या उन्हात हाकलू कुटं?"

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले, संध्याकाळशिवाय यायचे नव्हते. बाईंनी फोटोला पाट्या लावल्या, साडूकडून चार ओळी इंग्रजीत लिहून घेतल्या आणि मग आपल्या डोक्यातली माणसं एकेक करून उठवली. धारवाडला एक म्हातारे गृहस्थ होते, ते फक्त आपल्या जास्वंदीबद्दल लिहीत. ते पूर्वी जनावरांचे डॉक्टर होते, हे त्यांनी दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा ओळीत ओझरतं लिहिलेलं बाईंच्या लक्षात होतं. ऑस्ट्रेलियात एक बाई होत्या, त्या फक्त आपल्या कुत्र्याबद्दल लिहीत. पण तो कुत्रा मेंढ्या राखणारा आहे, हेही बाईंना ठाऊक होतं. धारवाडकरांशी त्या कानडीतच बोलल्या. बेळगावकडचे कॉल जोडून जोडून ती भाषा त्यांना कामापुरती येत होती.

धारवाडकरांनी एवढंच विचारलं, की आसपास तांबड्या-पिवळ्या बारीक फुलांचं झुडूप आहे का. धनगरांनी फोटो पाठवला. घाणेरी होती. एरवी मेंढरं तिला तोंड लावत नाहीत, पण नव्या वाटेवरही कुंपणंच होती, दोन दिवस चरायला मिळालं नव्हतं, भुकेने त्यांनी ती ओरबाडून खाल्ली होती. ती पोटात गेली की उन्हाने अंग भाजतं, म्हणून मेंढरं सावली सोडेनात. हा साथीचा रोग नव्हे, झुडपापासून लांब दाट सावलीत ठेवा आणि डॉक्टर आले की औषध सुरू करा, असं त्यांनी सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या बाईंनीही तसल्याच सुजलेल्या कानांचे फोटो पाठवून दुजोरा दिला. हे सगळं दीड तासात.

बाईंनी ते धनगरांना समजावलं आणि म्हणाल्या, "आता फोन तिथल्या सरपंचांच्या हातात द्या."

सरपंचांशी त्या काय बोलल्या ते साडूने ऐकलं. आवाज चढला नव्हता. कराडच्या एक्स्चेंजमध्ये वापरायचा तोच आवाज होता, एवढंच तो सांगतो. पाऊण तासात गावाने पंचायतीची रिकामी शेड उघडून दिली. एकूण सात मेंढरं गेली, दोनशेच्या वर वाचली.

ही बातमी कळपापेक्षा वेगाने फिरली. आठ दिवसांत नऊशे माणसांनी सर्व्हरवर यायचं म्हणून अर्ज केले. साडूला आकाश ठेंगणं झालं. पुण्याहून कोणी विचारलं की आम्ही चालवायला घेतो, वाढवतो, कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारं यंत्रही बसवून देतो. सासूबाईंनी नको म्हणून सांगितलं. नऊशे जणांचं वाचणं मला झेपणार नाही, आणि न वाचता माणूस घरात घ्यायचा नाही, एवढंच त्यांचं कारण. पण अर्ज आलेल्या एकालाही त्यांनी परतवलं नाही. कराडच्या लोकांसाठी कराडात, शिराळ्याच्या लोकांसाठी शिराळ्यात, साताऱ्याला त्या ढगवाल्यांकडे, असे नवे सर्व्हर त्यांनी काढायला लावले. दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर शिकवणी चाले. यंत्राचं साडू शिकवी, आणि वाचावं कसं ते बाई. आज साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असे चौदा सर्व्हर आहेत, आणि प्रत्येकावर सगळ्यांचं सगळं वाचणारं एक तरी माणूस आहे. मी त्या शिकवणीला मागे बसत असे. मला आयुष्यात फार थोड्या वेळा आपण मोठ्या माणसाच्या घरात बसलो आहोत असं वाटलं आहे, त्यांतल्या बऱ्याच वेळा त्या सतरंजीवरच्या.

गेल्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या चक्कीवर काही लिहिलं. दोन दिवस कोणाचाच शब्द आला नाही. लेख काही इतका वाईट नव्हता. तिसऱ्या दिवशी उठून विश्रामबागेत गेलो. सासूबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, टॅब्लेटवर रुमाल घातलेला. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. कडेचं दिसतं, मधलं नाही. म्हणजे माणूस आलेला कळतो, अक्षर लागत नाही. वाचून दाखवणारी यंत्रं असतात, साडूने ती बसवून दिली होती, पण कुठे थांबायचं ते त्या यंत्राला कळत नाही अशी त्यांची तक्रार होती. लेख वाचला नाही म्हणून त्यांनी माझी माफी मागितली. मी तो तिथेच बसून त्यांना वाचून दाखवला.

तेव्हापासून रोज सकाळी आठला मी त्यांना फोन करतो आणि आमच्या सर्व्हरवरचं वाचून दाखवतो. परवा एका नवीन बाईची ओळ होती. शिराळ्याकडच्या कुणी असाव्यात, नाव ओळखीचं नव्हतं, पाटी नव्हती. 'आज पहिल्यांदाच एकटी गाडी चालवत आईकडे निघाले आहे.' मी ती वाचली आणि पुढच्या ओळीकडे वळलो.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "कधी लिहिलंय?"

मी सांगितलं, काल संध्याकाळी.

त्या म्हणाल्या, "आणि अजून कोणीच विचारलं नाही? लिहा तिला. म्हणावं, नीट पोचलीस का?"

मी लिहिलं. उत्तर येईपर्यंत आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.