सासऱ्यांच्या पायाखालची ओल

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक सहसा विसरून जातात. गळतीसाहेबांच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण त्यांनी कुणाला विसरूच दिलं नाही. उभी नोकरी त्यांनी रस्त्याखालच्या पाइपांच्या गळत्या शोधण्यात घालवली होती. लोखंडी कांडीचं एक टोक डांबरावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "इथे खणा." दोनदा पाणी निघायचं, तिसऱ्यांदा टेलिफोनची तार. ती तिसरी वेळ मात्र त्यांच्या आठवणींत कधीच नसे. निवृत्तीनंतर लग्नाला जावोत की कुणाला भेटायला दवाखान्यात, आधी मोरीत डोकावून यायचे आणि तिथल्या नळाबद्दल चार शब्द सुनवूनच खुर्चीवर बसायचे.

बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. मुलगी शाळेच्या ऑफिसात कामाला, जावई खिडक्यांना काचा बसवणारा. जावयाकडे एक जुना पिकअप होता. पहिल्याच आठवड्यात साहेब कुणी न बोलावता ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि ती सीट त्यांची झाली. काम एवढंच, की थंडीत समोरच्या काचेवर आतून वाफ धरायची ती फडक्यानं पुसायची आणि उरलेल्या वेळात जावयाला गाडी कशी चालवावी ते सांगायचं. साहेबांना स्वतःला गाडी येत नव्हती. त्यामुळे त्यांच्या सल्ल्यात अनुभवाची भेसळ अजिबात नसायची. जावई दिवसभर ऐकून घ्यायचा. खरं सांगायचं तर साहेबांना बायको गेल्यापासून एवढं बोलायला दुसरं कुणी मिळालंच नव्हतं.

मग त्या सीटपुढचं, पाय ठेवायच्या जागेतलं कार्पेट ओलं लागायला लागलं.

पहिल्यांदा जावयाला वाटलं, बुटांना चिखल लागून आला असेल. दुसऱ्यांदा साहेब उतरले तेव्हा त्यांच्या पँटचे पाय ओले होते. त्यानं ते बायकोला हळूच सांगितलं. तिनं जाऊन कार्पेटला हात लावला, बोटं नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उतरला. वास गोडसर होता.

"बाबांना डायबेटिस झालाय," ती म्हणाली.

त्या घरात एखादी गोष्ट तिला वाटली की संध्याकाळपर्यंत ती सिद्ध झालेली असे. साहेबांच्या चहातली साखर गेली. रक्त तपासलं तर रिपोर्ट स्वच्छ आला. "लॅबवाल्यांचं काय खरं असतं," असं म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. डॉक्टर म्हणाले, साखरबिखर काही नाही, लघवीवरचा ताबा मात्र या वयात सुटायचाच. सीटवर प्लास्टिक आलं. मोठ्या माणसांचे डायपर आले आणि कपाटात टॉवेलांमागे असे लपवले गेले, की कपाट उघडणाऱ्याला आधी तेच दिसावेत. लांबच्या आत्यानं मुद्दाम फोन करून सांगितलं, "दादा, मनाला लावून घेऊ नकोस." तोपर्यंत साहेबांनी लावून घेतलं नव्हतं. त्या फोननंतर घेतलं.

एरवी चमच्याच्या आवाजावरून भांडण काढणारे साहेब या बाबतीत मात्र एक शब्द बोलले नाहीत. कारण त्यांना काही कळलंच नव्हतं. ना लागल्याचं, ना झाल्याचं. ओल मात्र समोर होती, पँट ओली होती आणि त्या सीटवर दुसरं कुणी बसत नव्हतं. आपलं शरीर आपल्याला न विचारता परस्पर कारभार करायला लागलंय, याची त्यांना मनापासून भीती वाटली. मरणाची त्यांना एवढी भीती नव्हती. मरणानंतरची धुणी निदान आपल्याला बघावी लागत नाहीत.

त्यांनी सकाळच्या चहानंतर पाणी पिणं सोडलं. ओठ फुटले, जीभ टाळ्याला चिकटायला लागली. तरी कार्पेट ओलंच. आता हे पाणी येतं तरी कुठून, हा प्रश्न नोकरीत असते तर त्यांनी पाच मिनिटांत विचारला असता. पण ती नोकरी दुसऱ्यांच्या गळत्यांची होती.

शेवटी मुलीनं कार्पेटच उचकटून काढलं, धुतलं आणि माळ्यावर टाकलं. साहेबांना म्हणाली, "बाबा, थंडी फार आहे. तुम्ही आता घरीच आराम करा." साहेब घरी राहिले आणि गाडी कोरडी राहिली. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? ते रोज सकाळी खिडकीत उभे राहून आपली रिकामी सीट निघून जाताना बघायचे.

इकडे गाडीचं बिनसायला लागलं. हीटर गार हवा फेकायला लागला. काचेवर तेलकट वाफ धरायची, पुसायला शेजारी कुणी नाही. जावयानं एका हातानं पुसता पुसता एक कचराकुंडी आडवी केली. इंजिनातलं पाणी तर तो कित्येक दिवस भरतच होता. "जुनी गाडी आहे, पाणी पिते," असं तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. गाडी पाणी पिते आणि सासरे गळतात, या दोन बातम्या एकाच जेवणाच्या टेबलावर दिल्या जायच्या आणि तरी त्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

"हीटरचा कोअर गेलाय," मेकॅनिक म्हणाला. कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा मारतो. "तो बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पुढच्या महिन्यात आणा."

जावयाला पुढच्या महिन्यापर्यंत दम नव्हता. रविवारी त्यानं दारातच गाडी उघडली. फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस दर दोन मिनिटांनी "हे अगदी सोपं आहे" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी त्याच्या हाताला नवी पट्टी बांधलेली दिसत होती. टॉर्च धरायला कुणीतरी हवं म्हणून साहेबांना उघड्या दाराशी स्टुलावर बसवलं. मांडीवर अंड्यांचा रिकामा ट्रे, त्यात स्क्रू ठेवायचे.

साहेबांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. "जावईबापू, तो डावीकडचा राहिला."

"तो नाही काढायचा, बाबा."

"मग हलतोय कशाला?"

बॅटरीच्या तारा सुटल्या. कूलंट, म्हणजे इंजिनातलं ते हिरवं पाणी, बादलीत काढून झालं. समोरचा कप्पा उतरला, स्टिअरिंग खाली आलं, मग डॅशबोर्ड कुरकुरत इतका पुढे आला की मागचं सगळं उघडं पडलं. दोन वायरी तुटल्या. एक शिवी जावयानं दिली, दुसरी साहेबांनी सुचवली. मागच्या एका बोल्टपाशी हात पोचेना, तेव्हा जावयानं सीटवर पाठ टेकून दोन्ही पाय दाराबाहेर काढले. दुपार होता होता त्याच्या हाती एक जाड वहीएवढा, हिरवट बुरशी धरल्यासारखा डबा लागला, तोच कोअर.

"धरा जरा," म्हणून त्यानं तो मागे न बघता सासऱ्यांच्या हातात दिला आणि पुन्हा आत डोकं घातलं.

साहेबांनी तो मांडीवर घेतला. नेमकी तेव्हाच मुलगी बिनसाखरेचा चहा घेऊन बाहेर आली. वडिलांच्या मांडीवरून, पँटच्या पायांवरून एक ओघळ खाली चालला होता.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "परत?"

साहेबांनी खाली बघितलं. हे आता भर दुपारी, जागेपणी, जावयासमोर. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला काही कळलेलं नाही असं नाही. आपल्याला कळतंय. गार लागतंय, आणि ते वरून येतंय. त्यांनी डबा उचलून कानाशी धरला, जुनी सवय म्हणून. मग बोट लावून नाकाशी नेलं. गोडसर वास. बोट जिभेकडे निघालं.

"चाखू नका," जावई आतून ओरडला. "विष आहे ते."

"विष आहे?" साहेब म्हणाले. "तुम्ही तर साखर म्हणत होता."

जावई बाहेर आला. त्यानं डब्याकडे बघितलं, डबा बसायचा त्या जागेकडे बघितलं, मग त्याच्या बरोबर खाली, सासऱ्यांच्या बुटांची जागा होती तिथल्या उघड्या पत्र्याकडे. पत्र्याला रबरी बूच निघालेलं एक भोक होतं. कार्पेट काढल्यापासून सगळं तिथूनच रस्त्यावर सांडत होतं. जावयानं बोटानं ते भोक चाचपलं आणि मान खाली घातली.

"गाडी पाणी पिते ना?" साहेब म्हणाले.

"बाबा, माझं चुकलं."

"तुमचं सोडा. मी कशाला मान्य केलं? तीस वर्षं लोकांना सांगत आलो, पाणी कमी कुठे होतंय आणि ओल कुठे येतेय ते एकत्र बघा. आणि स्वतःची वेळ आली तर खाली मान घालून बसलो." त्यांनी डबा खाली ठेवला. "मला वाटलं, मी संपलो."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी ते बघितलं आणि लगेच फायदा घेतला. "रडू नकोस, घरात आणखी ओल नको. चहात साखर घाल. चमचा उभा राहिला पाहिजे. आणि आत्याला फोन लाव. मी बोलणार नाही, तू बोल. मला फक्त ऐकायचंय."

नवा कोअर बसला. डॅशबोर्ड जागेवर गेला. ट्रेमध्ये तीन स्क्रू उरले, त्याबद्दल दोघांनीही मौन पाळलं. माळ्यावरचं कार्पेट परत आलं. प्लास्टिकची घडी घालून साहेबांनी ती स्वतः मुलीच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी पिकअप मोठ्या काचा घेऊन निघाला. हीटरमधून ऊबदार हवा येत होती, काच स्वच्छ होती, साहेबांना पुसायला काही उरलं नव्हतं. त्यांनी मोठी बाटली काढली आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं, कित्येक दिवसांचं राहिलेलं.

गाव मागे पडल्यावर मोकळा रस्ता लागला. साहेब सीटवर चुळबुळले. "जावईबापू, गाडी थांबवा."

जावयाची नजर सवयीनं खाली, त्यांच्या पायांपाशी गेली.

"तिथे काय बघता? तिथे काही नाही. अजून."

गाडी थांबली. जावईही उतरला, उगाच, सोबत म्हणून. दोघं एका झाडाआड, मध्ये दोन हात अंतर ठेवून, रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. साहेबांना घाई नव्हती. त्यांना सगळं कळत होतं. लागल्याचंही आणि झाल्याचंही.