चार म्हणजे वाळलेला माल

दोन बोटांच्या चिमटीत चार दाणे धरायचे, अंगठ्याने चोळायचे, तोंडात टाकायचे आणि दाढेखाली कट्‌ करून फोडायचे. मग डोळे बारीक करून क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा, "अजून ओला हाये." समोर गिऱ्हाईक असो की माल घेऊन आलेला शेतकरी, काकीच्या निकालावर अपील नव्हतं. कोणी म्हणालंच की काकी, मशीननं ओलावा मोजून घेऊ, तर ती विचारायची, "मशीनले दात हायेत काय?"

अर्जुनी मोरगावच्या बाजाराच्या रस्त्यावर तिचं तांदळाचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं आणि फोटोचं. काका वारल्यावर दुकान तिनं एकटीनं ओढलं. मुलगी बालाघाटला दिलेली. ती माझी काकी नव्हे, म्हणजे नात्यानं कोणीच नव्हे. पण सकाळी शटर उचललं की तिची पहिली शिवी मलाच असायची आणि ती मिळाल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

तर हे दाणे फोडणं. गेल्या वर्षी ते फार वाढलं. गिऱ्हाईक नसतानाही काकीची दाढ चालूच. आम्ही सगळे कौतुकानं म्हणायचो, काकी मालावर किती बारीक लक्ष ठेवते. आमच्या भागात तांदूळ चावणाऱ्या माणसाकडे कोणी संशयानं पाहत नाही. न चावता घेणाऱ्याकडे पाहतात.

तुम्ही माणसं न्याहाळणारे असाल तर इतरही गोष्टी तुमच्या लक्षात आल्या असत्या. माझ्या नाही आल्या, आणि माझा तर धंदाच चेहरे बघण्याचा. त्याच उन्हाळ्यात काकीनं पासपोर्ट फोटो काढून घेतला. चेहरा असा निघाला, जसा धुऊन वाळत घातलेला रुमाल. मी प्रिंटरवर खेकसलो, लाल शाई संपली असं ठरवून नवी टाकली. तरी तोच रंग. शेवटी कॉम्प्युटरवर गालांना थोडी लाली दिली, ओठ जरा पक्के केले. काकीनं फोटो हातात घेऊन निरखला आणि विचारलं, "ही कोणाची बाई होय?"

पुढे तिचे पाय सुजले. पोतं सरकवलं की ती पोत्यावरच बसायची. मी विचारायचो, "काकी, दम लागून राहिला काय?"

"वय लागून राहिलं," ती म्हणायची.

एका दुपारी गिऱ्हाइकाला तांदूळ मोजताना तिचा हात मापातच थांबला आणि ती हळूच पोत्यांवर कलंडली. पडली असं म्हणता येणार नाही. दुकानातला माल रचल्यासारखी अलगद टेकली. मी तिला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त काढलं. थोड्या वेळानं खिडकीतून कागद माझ्या हातात आला.

इथं माझी हुशारी ऐका. मला साखरेचा त्रास. आजवर माझ्या रिपोर्टातल्या प्रत्येक मोठ्या आकड्यानं मला शिव्या खायला लावल्यात. त्यामुळे हिमोग्लोबिनपुढे चार आणि वर काहीतरी टिंब पाहून मी आनंदानं म्हणालो, "काकी, चारच निघालं."

काकीच्या डोक्यात धानाचा ओलावा मोजणारं मशीन. सतराच्या वर गेला की माल परत. ती म्हणाली, "चार म्हणजे वाळलेला माल. मी म्हणूनच राहिली, मले काई नाई झालं. चल, दुकान उघडं हाये."

मी स्कूटरला किक मारली. तेवढ्यात तपासणीवाला धावत आला. "अहो, या बाईंना कुठं घेऊन चालले?"

"घरी. चारच आलं ना."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्कूटर बंद केली. "चार नाही चालत भाऊ. बारा पाहिजे."

मागच्या सीटवरून काकी म्हणाली, "बारा तर धानालेही चालते." पण आवाज नेहमीचा नव्हता. तिनं माझा सदरा मागून मुठीत धरला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी काकीची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, रक्त इतकं कमी आहे की हृदय रिकाम्या बैलगाडीसारखं धावतंय. आता चालायचं नाही, जिना नाही, वजन नाही. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो, त्याचीही तपासणी करू. मग विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असं काही खावंसं वाटतं का?"

मी अभिमानानं मध्येच बोललो, "खात नाही मॅडम, परखते. तांदळाचं दुकान हाये."

काकी भिंतीकडे पाहत म्हणाली, "पावभर होते रोज."

"रक्त कमी झालं की होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाजायचं काही नाही."

"मी उंदरायले शिव्या देऊन राहिली होती," काकी म्हणाली, "पोत्यातलं कमी होते म्हणून." आणि उंदरांसाठी पिंजरा आणून देणारा, त्यात रोज भज्याचा तुकडा अडकवणारा शहाणा कोण, ते तुम्ही ओळखलं असेल.

मग त्यांनी पाळीबद्दल विचारलं. मी ताबडतोब भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागलो. पण कान बंद करता येत नाहीत. दोन वर्षांपासून अंगावरून भरमसाट जात होतं आणि काकीनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. "कोणाले सांगू? दुकानात सारे माणसंच," ती म्हणाली.

रक्त गोंदियाला मिळणार होतं. रुग्णवाहिकेत मी तिच्या पायाशी बसलो. मुलीला फोन केला, ती दूर बाहेरगावी लग्नाला गेलेली, तिथून निघते म्हणाली. सारा रस्ता मला एकच दिसत होतं: काकीच्या गळ्याजवळ उडणारी शीर. खड्डा आला की मी आधी खड्ड्याला आणि मग त्या शिरेला घाबरत होतो.

गोंदियात तिच्या रक्ताचा नमुना घेतला, तो पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहिला आणि मग पिशवी आली. काकीनं विचारलं, "कोणाचं हाये?"

"किसी भले आदमी का," नर्स म्हणाली. तिनं समजावलं की पिशवी हळूहळू चढेल, काही तास लागतील. सुरुवातीला ती जवळच थांबेल. खाज, थंडी, पाठीत दुखणं, दम, काहीही वाटलं तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही.

हे ऐकल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प कसा बसेल. मी दर थेंबाला विचारायला लागलो, "काकी, खाज येते काय? काकी, थंडी वाजते काय?"

"येऊन राहिली खाज," ती शेवटी म्हणाली. "तुझी."

नर्स हसली. मीही हसलो. आणि अर्धी पिशवी गेली असेल-नसेल, काकीचे दात वाजायला लागले. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, सांगू नको म्हणून. मी नर्सच्या टेबलाकडे धावलो आणि नुसता हात करत राहिलो. तिनं येऊन नळी बंद केली. डॉक्टर आले, ताप पाहिला, इंजेक्शन दिलं, पिशवी परत तपासायला पाठवली. मला बाहेर काढलं. बाहेर मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि स्वतःचे दात वाजत नाहीत ना, ते पाहत राहिलो.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, काहींना अशी थंडी वाजते, रक्त जुळतंच आहे, घाबरायचं नाही. पण रक्त द्यावंच लागेल, दुसरी पिशवी मागवली आहे.

काकीनं हात चादरीखाली घेतला. "मले नाई पायजे. दुसऱ्याचं रगत माझ्या अंगाले मानवून नाई राहिलं. घरी ने बापू."

डॉक्टरांनी समजावलं. नर्सनं हिंदीत समजावलं. काकीनं डोळेच मिटले. मुलगी अजून वाटेत होती. गळ्याजवळची ती शीर तशीच उडत होती आणि मला कळत होतं की ती आता फार वेळ अशी उडू शकणार नाही.

मी खाटेच्या कडेला बसलो. दुसरं काही सुचेना म्हणून दुकानातलंच बोललो. "काकी, एक पोतं खराब निघालं म्हणून तू खरेदी बंद करतेस काय?"

डोळे मिटलेलेच. "पोत्याचा नमुना पाहून घेतो आपण."

"मग यांनी काय केलं? तुझं थोडं घेतलं, त्या पिशवीतलं थोडं घेतलं, एकात एक घालून पाहिलं. दुधासारखं फाटलं असतं तर पिशवी परत केली असती."

तिनं डोळे उघडले. मग तिनं नर्सला विचारलं, "सचमुच में देखा क्या?"

"दो बार देखा, माँ."

चादरीखालून हात बाहेर आला.

त्या पिशवीच्या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. ती चढली, नंतर आणखी एक चढली. मुलगी पोहोचली तेव्हा काकीच्या ओठांना रंग आला होता, कॉम्प्युटरशिवाय.

गर्भाशयात गाठी निघाल्या. ऑपरेशन करायचं, पण आकडा दहाच्या वर गेल्यावर. म्हणून घरी पाठवून लोहाच्या गोळ्या दिल्या. आता गोळीची जबाबदारी मी अंगावर घेतली. रोज सकाळी हॉटेलातून कडक चहा आणून तिच्या हातात देत होतो आणि चहासोबत गोळी. पहिल्या आठवड्यातच तिनं मला घाबऱ्या आवाजात हाक मारली, "बापू, काळं होऊन राहिलं." मी शौचाचं ऐकून गारठलो, आत पुन्हा कुठं रक्त जातंय असं वाटून ऑटो थेट दवाखान्याच्या दारात नेला. डॉक्टरीणबाईंनी नीट विचारपूस केली, तपासलं आणि म्हणाल्या, लोहाच्या गोळीनं काळं होतंच, पोट जरा कडक होतं, गोळी सोडायची नाही.

पण पुढच्या तपासणीत आकडा जेमतेम हलला होता. "गोळी कशासोबत घेता?" त्यांनी विचारलं. काकीनं माझ्याकडे बोट केलं. चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून लिंबूपाणी, आणि चहा बऱ्याच वेळानंतर. आकडा चढू लागला. काकी मला भिंतीपलीकडून ऐकवायची, "तुझ्या चहानं मले मारून टाकलं असतं, अन् वरून फोटोही तूच काढला असता."

गोंदियाला ऑपरेशनच्या सकाळी तिनं नर्सला आकडा दोनदा विचारून घेतला आणि मग आत गेली. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. मी एकटा बाकावर. आतून लोखंडी ट्रेचा आवाज आला की उठत होतो, पुन्हा बसत होतो. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"मरीज का रिश्तेदार कौन है?"

मी उभा राहिलो. "मी झेरॉक्सवाला," म्हणालो.

"रिश्तेदार चाहिए, भैया."

मी दाराची चौकट धरली. तेवढ्यात आतून, गुंगीतून, जड जिभेनं काकी म्हणाली, "येऊ द्या बाई त्याले. नाई तर तो तिथंच पडन."

नर्सनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आधी खुर्ची आणली.

मुलगी तिला बालाघाटला घेऊन गेली. शटर अजून खाली आहे. बाजाराच्या दिवशी लोक माझ्या काउंटरवर येऊन विचारतात, "काकी काऊन दिसून नाई राहिली?" मी त्यांना पाळी, गाठी, पिशव्या, लिंबूपाणी सगळं समजावतो, त्यांना फक्त तांदूळ हवा असतो.

रोज दुकान उघडलं की मी तिला फोन करतो. परवा सकाळपासून तिनं उचललाच नाही. मुलीचा बंद. दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची एकच बाजू सात वेळा छापली. बालाघाटची गाडी किती वाजता, ते विचारायला स्टेशनवर जाऊन आलो. दिवे लागायच्या वेळी पुन्हा लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, मग उचलला.

"काकी," मी म्हणालो, "काय करून राहिली?"

"जगून राहिली," ती म्हणाली. "ठेव आता, दूध उतू जाऊन राहिलं."